गच्चीवरची हवा

निकेया, १४ सप्टेंबर

तीनदा फोन केला. तीनदा तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. चौथ्यांदा केला तर कोणी जर्मन बाई एकसुरात बोलायला लागली, ती काय म्हणते ते तिचं तिला ठाऊक. आईवर फोन आपटायला मी काय वीज कंपनीची माणूस आहे? म्हणून हे पत्र. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच. मी ओळखून आहे तुला.

तर स्तामातिया, बरी असशील. मीही आहे, गुडघे सोडून. तिसरीत माझी शाळा सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका मोजत बसू नकोस.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही पाच जण झालोय. तुझा भाऊ थ्रासोस बाहेरच्या खोलीत कोचावर. बायको गेल्यापासून तो कुठेही झोपतो, त्याचं काही नाही. आतल्या खोलीत त्याची लिया, तिचा नवरा पाव्लोस आणि सात महिन्यांचं बाळ. मी स्वयंपाकघरात दिवाणावर, फ्रीजला लागून. ज्याला पाणी हवं त्याने माझे पाय ओलांडायचे. लिया-पाव्लोस राहत होते ती जागा मालकाने पर्यटकांना द्यायला काढून घेतली. आता निकेयातही पर्यटक येतात. काय बघायला येतात देव जाणे. परवा एक जोडपं समोरच्या आर्गिरोच्या वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढत होतं. आर्गिरो गॅलरीतून ओरडली, "अगं बाई, मागच्या दोरीवर आतले कपडे आहेत, त्यांचेही काढ! लाजतेस कशाला?"

पाव्लोस पेरामाच्या गोदीत वेल्डर आहे. त्याच्या ओळखीचा एक सुतार लाकडाची छोटी घरं बनवतो. नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. माझी पावलं, तुझी नव्हे. आत ओटा, संडास, न्हाणी, आणि वर माळ्यावर अंथरूण. मी स्वतः जाऊन बघून आले. म्हटलं, यात श्वास कुठे ठेवायचा? सुतार म्हणाला, "खिडकीबाहेर, आजी." बरा वाटला माणूस.

घर आहे, पण ते टेकवायला जमीन नाही. उन्हाळाभर आम्ही जागा शोधत फिरलो. चर्चच्या मागे गाड्या लावतात तो तुकडा मागितला. पाद्री म्हणाला, इथे एकच घर राहील, ते देवाचं. कोपऱ्यावरच्या रिकाम्या भूखंडाला सतरा वारस निघाले. नऊ इथे, चार ऑस्ट्रेलियात, तीन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एक मेलाय पण ते त्याच्या वकिलाला अजून कळलेलं नाही. पाव्लोसच्या मामाचं मेगाराला ऑलिव्हचं शेत आहे, पण तिथून सकाळी सहाला इस्पितळात कामावर पोचायला लियाला पंख लागतील. या शहरात माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहतात, तरी मधे मधे रिकामं दिसतं. जवळ जाऊन विचारलं की कळतं, रिकामं काहीच नाही. प्रत्येक फटीला मालक आहे.

मग एक दिवस लिया दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "आजी, सगळीकडे बघितलं आपण. वर नाही बघितलं."

वर म्हणजे तुझं. तू वीस वर्षांची झालीस तेव्हा तुझ्या बापाने नोटरीकडे जाऊन लिहून ठेवलं, खालचं घर थ्रासोसचं, गच्चीच्या वरची हवा स्तामातियाची. हुंडा म्हणून. तिला वाटेल तेव्हा तिने तिथे मजला चढवावा. तू चढवला नाहीस. पुढच्या मजल्यासाठी सळया सोडलेल्या, त्याही गंजून गेल्या. असो.

गच्ची बघायला बोलावलेली इंजिनिअर बाई म्हणते, हवेच्या मालकिणीची सही नसेल तर गच्चीवर खुराडंसुद्धा ठेवता येत नाही. (खुराडं आहे. तिने पाहिलं. गप्प बसली.) सही तुला तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन करायची आहे. अर्ध्या दिवसाचं काम. नाताळपर्यंत सोय झाली नाही तर पाव्लोस बायको-पोर घेऊन कार्दित्साला आपल्या आईबापाकडे जाणार. तसं त्याने त्यांना कळवलंही आहे. म्हणजे लियाची नोकरी गेली, आणि त्या पोराला मी फोटोतली म्हातारी होऊन बसेन.

तू त्या हवेत राहत नाहीस. सही कर आणि कागद पाठव.

आई


निकेया, ५ ऑक्टोबर

दुसऱ्याचं पाकीट फोडलं म्हणून बोलू नकोस. वर "गारुफालिया" लिहिलं होतं. रीतीप्रमाणे नातीला आजीचं नाव ठेवलं, यात माझा काय दोष? फोडलं तर आत "प्रिय लिया". खाली तीन ओळी. बाळाचे फोटो आवडले. सही करणार नाही. का ते आजीला विचार, सळयांचं काय झालं ते विचार.

मी लियाला वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळणार होते, पण ती खांद्यावरून बघत होती.

"कसल्या सळया गं, आजी?"

"जुन्या. गंजून पडल्या."

पाव्लोस टेबलाशी कॉफी पीत होता. उठला, वर गेला, बराच वेळ खाली आला नाही. आल्यावर हात धुतले आणि म्हणाला, "आजी, मी रोज लोखंड कापतो. गंज इतका सरळ कापत नाही. सोळाच्या सोळा, स्लॅबला लागून, एकाच हाताने."

"तू वेल्डर आहेस का पोलीस?"

"वेल्डरच. म्हणून तर कळलं."

जावई शहाणा असू नये. तर आता तुला लिहिते. तुला ठाऊक आहेच, पण माझ्याकडून नाही.

स्लॅब ओतला त्या दिवशी तुझ्या बापाने सोळा सळया कंबरेइतक्या उभ्या सोडल्या, वरचा मजला त्यांच्यावर बांधायचा म्हणून. प्रत्येकीवर एक रिकामी बाटली उपडी घातली, पाणी मुरू नये म्हणून. मोठ्या सणाला माणसं घर रंगवतात, माझा योर्दानिस वर जाऊन बाटल्या बदलायचा. मग तू स्टुटगार्टला गेलीस ती गेलीस. राल्फशी लग्न करून एक फोटो पाठवलास आणि मागे लिहिलंस, आता इथेच राहणार. तुझा बाप म्हणाला, "येईल. हवा कुठे पळून जाते?" आणि पुन्हा बाटल्या बदलायला वर गेला. मला ते बघवेना. कपडे वाळत घालायला गेलं की वाऱ्यावर त्या सोळा बाटल्या शिट्ट्या मारायच्या. कोणी नाही, कोणी नाही, असं म्हणत असल्यासारख्या. तो गावी द्राक्षं उतरवायला गेला होता त्या सोमवारी मी लोहार बोलावला. जेवायच्या आत काम झालं. योर्दानिसला सांगितलं, नगरपालिकेची माणसं आली, धोका आहे म्हणाली, कापून गेली. तो नगरपालिकेला शिव्या घालत मेला.

आर्गिरोने गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. तेवीस वर्षं तिने तोंड मिटून ठेवलं, तिच्यासारखीने, आणि बापाला पुरून आल्यावर कॉफीच्या वेळी तुझ्या कानात ओतलं. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद. अकरा वर्षं झाली.

मी माफी मागत नाही. पत्रातून आलेली माफी तू पाकिटासकट टाकशील.

पण काल इंजिनिअर बाईला सहज विचारलं, त्या सळया असत्या तर काय झालं असतं? ती म्हणाली, "तर लाकडाच्या घराची गरजच नव्हती, आजी. चांगला मजला चढला असता. आता या स्लॅबवर सिमेंटचं काही उभं राहणार नाही. हलकं घर ठेवता येईल, तेवढंच." मला वाटत होतं मी लोखंड कापलं. मी मजला कापला. तेव्हा मला फक्त आवाज बंद करायचा होता.

तुझा राग खरा आहे असं धरून चालू. पण त्यात लियाचा काय गुन्हा? सळया कापल्या तेव्हा ती जन्मलीही नव्हती. थ्रासोसला मात्र यातलं काही सांगितलेलं नाही. पाव्लोसलाही सांगितलंय, तोंड उघडायचं नाही. थ्रासोसचा राग अजून नगरपालिकेवरच आहे.

सही कर.

आई


निकेया, २४ ऑक्टोबर

राल्फशी तुझं मोडून तीन वर्षं झाली, हे मला नातीच्या पत्रातून कळावं? मी त्या माणसाला कधी चांगलं म्हटलं नाही हे खरं, म्हणून काय तो गेल्याचा आनंदही मला मिळू नये?

तू लियाला लिहिलंस ते तिने जेवताना सगळ्यांसमोर वाचलं. या वेळी पाकीट तिनेच फोडलं. तू एका खोलीत भाड्याने राहतेस. जानेवारीत तुला पेन्शन सुरू होते. तुला परत यायचंय. सही करायची नाही ती म्हणूनच, तुझ्या हवेत तुलाच घर ठेवायचंय. "माझ्याकडे दुसरं काही नाही, लिया. मला भावाला मिळालं तसं घर मिळालं नाही. मला हवा मिळाली, तीच मला पुरे."

बाळ चमचा आपटत होतं. मग थ्रासोस म्हणाला, "तिची हवा आहे. तिला येऊ दे. आपण आयत्या बिळावर नागोबा व्हायचं नाही."

लिया म्हणाली, "आत्याचंच आहे, बाबा. मी कधी नाही म्हटलं?"

पाव्लोस म्हणाला, "मग कार्दित्सा." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून रिकामी खोकी घेऊन आला. ती आता माझ्या दिवाणाखाली आहेत. वाकले की दिसतात.

मला आधी तुझाच राग आला. चौतीस वर्षं नको होती ती हवा, आता बरी आठवली. मग वाटलं, माणूस म्हातारपणी स्वतःच्या डोक्यावर छप्पर मागतो, त्यात रागवण्यासारखं काय आहे? तू साठीची झालीस. मी तुला अजून फोटोच्या मागे दोन शब्द लिहून पाठवणारी पोरगीच समजते.

तर सकाळी कपड्यांची दोरी सोडली, तिला पावला-पावलावर गाठी मारल्या आणि वर गेले. इंजिनिअर बाईने एकदा मोजलं होतं, पण ती एका घराची जागा शोधत होती. जे शोधतो तेवढंच मोजतो माणूस. मी जन्मले तेव्हा याच वस्तीत एका खोलीत दोन कुटुंबं राहायची. मधे गोधडी टांगलेली. पलीकडच्या माणसाचा खोकला मला बापाच्या खोकल्याआधी ओळखू यायला लागला. माझी आई एवढ्याशा जागेत सोळा जणांचा ईस्टर करायची. म्हणजे मोजायचं मला कोणी शिकवू नये.

गच्ची वीस पावलं लांब, चौदा रुंद. जिन्याच्या बाजूने जिन्याची खोली पाच पावलं खाते, तरी पंधरा उरतात. तिथे एक घर बसतं. दुसऱ्या अंगाला माझं खुराडं, द्राक्षाचा मांडव आणि तुझ्या बापाची पत्र्याची कोठी. ते सगळं काढलं तर तिथे दुसरं. दोन्हींच्या मधे चार पावलं मोकळी. आर्गिरो समोरून ओरडली, "गारुफालिया, गच्ची विकतेस की काय?" मी म्हटलं, "नाही गं, लांबी-रुंदी बघतेय, तुझी जीभ मावेल का ते."

इंजिनिअर बाईला दोरी दाखवली. ती हसली, मग स्वतःचं यंत्र काढून मोजलं, मग हसायची थांबली. म्हणाली, "भार दोन्हीकडे बाहेरच्या भिंतींवर येतो. चालेल. दोन बसतील."

तेव्हा अशी सही कर की दोन घरं राहतील, एक तुझं, एक त्यांचं. हवा तुझ्याच नावावर. कोंबड्या गेल्या तर जाऊ देत. मी धर्मादाय करतेय असं समजू नकोस. ते तिघं वर गेले की आतली खोली माझी. तिला दार आहे.

आई


निकेया, १३ नोव्हेंबर

तुझी अट लियाने सांगितली. सांगताना बिचारी लाल झाली होती. सही करीन, पण आधी आजीने माझ्या भावाला सळयांचं खरं सांगावं. सगळ्यांसमोर. दुसऱ्या कोणी सांगून चालणार नाही.

तू माझीच मुलगी आहेस. मला राग आला तो त्याचाच.

रविवारी तव्यात सार्डिन मासे तळले होते, थ्रासोसच्या आवडीचे. तू म्हणशील लाच. असेल. तो दुसऱ्या सार्डिनवर होता तेव्हा मी म्हटलं, "त्या सळया नगरपालिकेने कापल्या नाहीत. मी कापवल्या."

त्याने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "कुठल्या?"

"वरच्या. तुझ्या बहिणीच्या."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"बाबा शेवटच्या आजारपणातसुद्धा त्या कारकुनाचं नाव घेत होते, आई. लाझारोसचं. तो आपल्याच गल्लीत राहतो. मी छत्तीस—" मग त्याने बोटांवर मोजलं. "मी चौतीस वर्षं त्या माणसाला नमस्कार केला नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं फाडून टाकलं."

"हो."

"हो काय, हो? त्याने काय केलं होतं?"

"काही नाही. तो नगरपालिकेत होता."

पाव्लोसला हसू आलं आणि त्याने ते बाळाच्या डोक्यात लपवलं. थ्रासोस उठला. कोट घातला नाही, तसाच गेला. मला वाटलं भांडायला गेला, स्टुटगार्टला चालत जातो की काय. तासाभराने आला तो लाझारोसकडून. दोघांनी एकेक पेला घेतला होता. वास येत होता. सरळ वर गेला, एकेक कोंबडी बखोटीला मारून खाली आणली आणि आर्गिरोच्या अंगणात सोडून आला. दुसऱ्या दिवशी मांडव उतरवला. कोठी मात्र तीन दिवस बघत राहिला. त्यात तुझ्या बापाच्या बाटल्या निघाल्या, खोकंभर, धुऊन ठेवलेल्या. त्या आम्ही रस्त्यावरच्या, काच टाकायच्या डब्यात टाकून आलो. त्यांचं काय करायचं दुसरं?

थ्रासोस आता माझ्याशी बोलतो, पण फक्त गरजेचं. मीठ दे, खिडकी लाव. तुझी अट पुरी झाली, माझी किंमत मी दिली. खोकी अजून दिवाणाखाली आहेत. दोन उघडून त्यांत हिवाळ्याचे कपडे भरलेत. मी मुद्दाम विचारलं नाही, ते इथल्या हिवाळ्यासाठी की तिथल्या.

वकिलातीची वेळ घे. आजच घे.

आई


निकेया, १६ डिसेंबर

कागद आला. नोटरीने चष्मा बदलून दोनदा वाचला, म्हणाला, अशी सही त्याने पाहिली नव्हती, हवेची मालकीण हवा ठेवून घेते आणि जागा देते. मी म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्हाला नाही समजणार.

शुक्रवारी क्रेन आली. गुरुवारी गल्लीत आठवड्याचा बाजार असतो, कोबीची पानं अजून रस्त्यात होती, क्रेनचं चाक घसरलं. कडू संत्र्याच्या दोन फांद्या मोडल्या. घर वर गेलं तेव्हा सगळी गल्ली गॅलरीत होती. पायाच खोदला नाही तर कोंबडा कापायचा कुठे, यावर थ्रासोस आणि आर्गिरोचं भांडण झालं. पाद्री आला, तोच, ज्याने जागा नाही म्हटलं होतं. तुळशीच्या जुडीने पाणी शिंपडून गेला. स्लॅबवर कोंबडा कापला नाही, खाली अंगणात कापला आणि उकडला. छप्पर चढलं की कामगारांना सदरे टांगायची आपली रीत, ते मात्र चुकवलं नाही. पाव्लोसने सुतार आणि क्रेनवाल्यासाठी दोन नवे सदरे हुकाला अडकवले. क्रेनवाल्याला तोकडा झाला. तरी त्याने तिथेच घातला.

पाव्लोसने दिवाणाखालची खोकी काढली आणि वर नेली. दोनच जिने. मी मोजले.

लिया पहिल्या सकाळी खाली आली, म्हणाली, "आजी, आत वळायला जागा नाही, पण दार लावता येतं." बाळाला माळा आवडला नाही. आवडेल.

आता तुझी जागा. मी चुन्याने चार रेघा मारून ठेवल्यात. दोन दिवसही झाले नाहीत, आर्गिरो विचारून गेली, तोवर दोन चादरी वाळत घालू का. थ्रासोसला कोंबड्या परत आणायच्यात. खालचा न्हावी म्हणतो, एखादी डिश लावू द्या. या शहरात चार रेघा उघड्या ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत त्यात कोणीतरी राहायला येतं. म्हणून मी दुपारी तिथे खुर्ची टाकून बसते. इंजिनिअर बाई म्हणते, या वयात जिने चढू नका. तिचं ऐकायचं तर मी खाली कोणाची जागा राखू?

सुतार नाताळानंतर तुझ्या घराचं लाकूड कापायला घेतो. त्याला आधी कळायला हवं, दार कुठल्या अंगाला. एकदा कापलं की बदलता येत नाही. चार पावलांकडे ठेवलंस तर सकाळी उठून लियाचं तोंड दिसेल. रस्त्याकडे ठेवलंस तर आर्गिरोचं. जिन्याकडे ठेवलंस तर माझं, कारण मी वर येणारच. ते आत्ताच सांगून ठेवते, नंतर कुरकुर नको.

लिया म्हणाली, "आजी, मी आत्याला फोनवरून विचारते, लगेच कळेल."

मी म्हटलं, "फोनला हात लावशील तर बघ."

घाई नाही असं नाही, घाई आहे. पण हे लियाच्या फोनवर नको, थ्रासोसच्या हाती नको, वकिलातीच्या शिक्क्याने नको. दार कुठे हवं ते तू सांगायचं, तुझ्या हाताने लिहून, आणि पाकिटाच्या आत पहिल्या ओळीत माझं नाव असलं पाहिजे. शिवी घातलीस तरी चालेल. उत्तर मला दे.